लाल फडक्यातलं गाव

बाबाजी गुरवांनी गाव माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, "सांभाळून गं. पालथं करू नको, माणसं पडतील."

मी फिस्सकन हसले. ते हसले नाहीत.

लाल फडक्यात गुंडाळलेली ती हार्ड डिस्क होती. काळी, तळहातापेक्षा थोडी मोठी. तिच्यात आमचं जुनं केळशेत होतं. धरणाचं पाणी चढायच्या आधी, शेवटच्या जत्रेला, गावानं लग्नाच्या एका शूटिंगवाल्याला बोलावलं होतं. त्यानं दोन दिवस फिरून घरं, पाणवठे, गोठे, माणसं, सगळं टिपलं. मग आम्ही डोंगर सोडून इकडं माळावर आलो. नव्या केळशेतात वाघजाईचं देऊळ बांधलं, आणि देवीच्या शेजारच्या कोनाड्यात ही डिस्क बसली. ती वर्षातून एकदाच बाहेर निघते, चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. समाजमंदिराच्या खिडक्यांना वाकळा लावून अंधार करायचा, भिंतीवर चादर टांगायची, प्रोजेक्टर लावायचा, आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. त्याला आमच्याकडं 'गावाला जाणं' म्हणतात. बायका खरंच नवी लुगडी नेसून येतात, गजरे माळून.

दर वर्षी हे काम आमच्या शाळेचे पिसाळ सर करायचे. त्या वर्षी त्यांना पुण्याला ट्रेनिंगला जावं लागलं. मग कोण? मीच! मी तेव्हा आठवीत होते, कंप्युटर लॅबची चावी माझ्याकडं असायची, आणि मला नुकताच शोध लागला होता की हात वर करून मोठ्यानं बोललं की मोठी माणसंसुद्धा ऐकतात. ग्रामसभेत मी उभी राहून म्हणाले होते, "चादरीवर ते धुरकट काय बघायचं? मुंबईकर मंडळानं एवढा मोठा टीव्ही पाठवलाय, त्याच्यावर लावू. एकेक चेहरा स्पष्ट दिसेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांवर मी आठवडाभर जगत होते.

देवळाच्या पायरीवर हौसाकाकी बसली होती. पोलक्याची गुंडी लावत तिनं विचारलं, "हर्षे, लागंल ना गं?"

"लागणार म्हणजे काय काकी! पाच मिनिटांचं काम."

"तसं न्हवं. माझं चार शेकंद तेवढं नीट लागू दे."

हे चार सेकंद गावात सगळ्यांना माहीत होते. हौसाकाकीचा दिनू माझ्या दादाच्या बरोबरीचा. शूटिंग झालं त्यानंतर तीन महिन्यांनी, पावसाळ्यात, तो चुकलेल्या शेरडामागं नदीकडं उतरला. पाणी तेव्हा रोज थोडं थोडं वर येत होतं. तो सापडलाच नाही. त्याचा एकसुद्धा फोटो नव्हता. होते ते हे चार सेकंद: काकीच्या अंगणातून एक सहा वर्षांचं पोरगं हात पसरून विमानासारखं पळत जातं आणि गोठ्यामागं दिसेनासं होतं. त्यासाठी काकी वर्षभर थांबायची.

मी लॅबमध्ये गेले, कंप्युटर चालू केला, केबल लावली.

काही नाही.

दिवा लागला नाही. नवीन काही जोडलं की कंप्युटर 'टुडुंग' करतो, तेही केलं नाही. मी केबल पुढून काढून मागं लावली. दुसऱ्या कंप्युटरला लावली, मग तिसऱ्याला. रिस्टार्ट केलं. डिस्क कानाला लावली. आत शांत. साडेआठ वाजले होते आणि दुपारी तीनला अख्खं गाव नवे कपडे घालून येणार होतं.

मी सरांना फोन लावला.

"बोल, पण लवकर," सर कुजबुजले. "मागच्या बाकावर बसलोय."

"सर, डिस्क ओळखतच नाहीये!"

"ओरडू नको. आधी ठरवू, दुखणं केबलचं आहे का डिस्कचं. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात तशीच दुसरी केबल आहे. ती लाव."

लावली. तेच.

"दिवा?"

"नाही, सर."

"मग तिच्या तोंडात बघ. जिथं केबल घालतेस तिथं. टॉर्च मारून."

मी मोबाइलचा टॉर्च मारला. आत पिवळं-लाल काहीतरी खच्चून भरलं होतं, वाळलेलं, पोपडे धरलेलं. मी वास घेतला. हळद, कुंकू आणि करंजाचं तेल.

मी पळत देवळात गेले. "बाबाजी! ह्याच्या भोकात कुंकू कसं आलं?"

"आलं म्हंजे? लावलंय मी."

"आत?"

"मग कुठं? त्येला तोंड तेवढंच हाय. आधी पलाष्टिकची डबी हुती, डबीलाच लावायचो. गेल्या साली डबी फुटली. तवापास्नं दर अमावस्येला तोंडाला हळद-कुंकू अन् थेंबभर तेल." ते अभिमानानं सांगत होते. मग माझा चेहरा बघून थांबले. "का गं?"

"बाबाजी, त्याच्यामुळं ती चालू होत नाहीये."

बाबाजी खांबाला धरून खाली बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. ते म्हणाले, "पुन्यांदा बुडवलं व्हय म्यां?"

मला त्यांना खूप बोलायचं होतं. देवळात येताना सगळी वाक्यं तयार होती. ती सोडून मी म्हणाले, "चला माझ्याबरोबर. टॉर्च धरायला कुणीतरी पाहिजे."

शाळेच्या प्रथमोपचार पेटीतलं स्पिरिट, काडेपेटीच्या काडीला गुंडाळलेला कापूस आणि एक जुना टूथब्रश, एवढ्यावर आम्ही तासभर बसलो. सर म्हणाले होते, आतली पट्टी नाजूक असते, ओरखडा नको. मी श्वास रोखून एकेक पोपडा काढत होते आणि बाबाजी टॉर्च धरून देवीचं काहीतरी पुटपुटत होते. कापूस लाल होऊन बाहेर यायचा, तसा ते मान फिरवायचे.

"बाबाजी, उजेड!"

"धरलाय की. रगतावानी दिसतंय गं ते."

पंख्याखाली अर्धा तास वाळवली. मग केबल लावली.

निळा दिवा लागला. डिस्क आत फिरायला लागली, पहाटे शेजारच्या घरात कुणी जातं ओढावं तसा दबका आवाज. बाबाजींनी हात जोडले. मी टाळी वाजवली आणि स्क्रीनकडं बघितलं. स्क्रीनवर काही नाही! डिस्क जिवंत, पण कंप्युटर म्हणतोय मी हिला ओळखत नाही.

पुन्हा सर. "डिस्क मॅनेजमेंट उघड. यादीत दिसतेय का?"

"दिसतेय, सर. पण तिला सी, डी असं अक्षर नाहीये."

"मग तेवढंच राहिलंय. राइट क्लिक करून एखादं अक्षर दे. आणि मध्येच फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हण. हजारदा विचारलं तरी नाही."

मी 'के' दिलं. केळशेतचं.

टुडुंग.

"आता एक कर," सर म्हणाले. "आधी कॉपी करून घे."

"पण सर, गावाचा ठराव आहे. गावाची दुसरी प्रत काढायची नाही."

"उपसरपंच तात्यांशी मी बोलतो नंतर. तू घे." फोन कट.

बाबाजी नैवेद्याला गेले होते, लॅबमध्ये मी एकटी. कॉपी सुरू झाली आणि मला एक भन्नाट कल्पना सुचली. दिनूचा फोटो! व्हिडिओ थांबवायचा, चेहरा मोठा करायचा, शाळेच्या प्रिंटरवर रंगीत काढायचा आणि आज सगळ्यांसमोर काकीच्या हातात द्यायचा. माझे मलाच डोळे भरून आले, इतकी मी मला आवडले.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला ते पोरगं पळत आलं. मी थांबवलं. मोठं केलं. चादरीवर जो नुसता तांबूस ठिपका दिसायचा, तो इथं चेहरा झाला. नाक, दात, कपाळावरचे केस. आणि डावा कान. त्याच्या पाळीचा खालचा तुकडा नव्हता.

माझ्या दादाचा कान लहानपणी कुत्र्यानं तोडलाय. डावा. बरोबर तिथंच.

मी पुढं-मागं करून अकरा वेळा बघितलं. तो दादा होता. त्याचं हसूसुद्धा तेच, वरची हिरडी दाखवणारं.

घरी आले तेव्हा आई जत्रेच्या मटणाचं वाटण करत होती. मी मिक्सर बंद केला.

"आई, काकीचा दिनू... तो दिनू नाही. तो दादा आहे."

आई चकित होईल असं मला वाटलं होतं. तिनं आधी दार ओढून घेतलं. "कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही. तुला माहीत होतं?"

"माझ्या पोटचं पोर मला कळणार नाही?" आईनं हात पदराला पुसले. "पहिल्या वर्षी हौसाक्का चादरीसमोर बसली होती. सगळ्यांची माणसं दिसत होती. ह्याचा आजा, त्याची सासू. हिचं कोणीच दिसंना. शेवट यायला लागला. तिच्याकडं बघवेना गं. तेवढ्यात सागर पळत आला, तिच्याच अंगणातनं. माझ्या तोंडातनं गेलं, 'तो बघा दिनू आला.'"

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलंल?"

मग मला एकदम आठवलं, त्या दुपारी दादा कधीच समाजमंदिरात नसतो. कधी गिरणीत, कधी मामाकडं डबा द्यायला.

"दादाला माहितीय?"

"तोच म्हणाला, मी समोर नसलेला बरा. कान दिसतो." आईनं मिक्सरचं झाकण घट्ट केलं. "चार शेकंद दिलंय तिला. आपलं काय गेलं?"

तेव्हा मला टीव्ही आठवला. पंचावन्न इंच. एकेक चेहरा स्पष्ट.

समाजमंदिरात उपसरपंच तात्या टीव्हीवरचा प्लास्टिकचा कागद स्वतःच्या हातानं सोलत होते. अर्धं गाव आधीच येऊन बसलं होतं. पहिल्या रांगेत, मधोमध, हौसाकाकी.

"आली इंजिनेर बाई!" तात्या ओरडले. "लाव."

मी केबल टीव्हीच्या मागं नेली. लावल्यासारखं केलं. रिमोटची चार बटणं दाबली.

"तात्या, टीव्ही ओळखत नाहीये."

"काय ओळखत न्हाई?"

"डिस्क जुनी आहे. टीव्ही नवीन. चालत नाही दोघांचं."

"अगं, सभेत तर लई टिवटिव करत हुतीस! एकेक चेहरा, एकेक चेहरा. काय झालं आता?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीबाळींच्या हातात दिलं की असंच." माझे कान तापले. केबल तिथंच हातात होती. एक इंच आत ढकलायचा अवकाश, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पहिल्या रांगेतून काकी माझ्याकडंच बघत होती, मांडीवर हात ठेवून.

"चुकलं माझं, तात्या," मी म्हणाले. "मला नीट माहिती नव्हती. चादर लावा."

चादर लागली. प्रोजेक्टरचा बल्ब मेणचट पिवळा. खिडक्यांवर वाकळा चढल्या आणि बाहेर रणरणतं ऊन असताना आत अंधार झाला.

गावाला जाण्याची आमची एक रीत आहे. चादरीवर गेलेलं माणूस दिसलं की कुणीतरी नाव घेतं आणि त्या घरातल्यांनी हजेरी द्यायची.

"धोंडीनाना!"

"आला!"

"बयाआजी!"

"आली, आली!"

लहानपणापासून हे ऐकत आलेय, पण त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. धुरकट माणसं पाण्याखालच्या पायवाटांवरून चालत होती, उकिरड्यावर पाटी ओतत होती, कॅमेऱ्याला लाजत होती. आणि अंधारात एकेक आवाज म्हणत होता, आला, आली, आले.

एकोणचाळिसावं मिनिट. तांबूस ठिपका हात पसरून निघाला.

आई मोठ्यानं म्हणाली, "दिनू आला गं हौसाक्का!"

आणि काकी म्हणाली, "आला."

सगळं संपल्यावर लोक जेवायला पांगले. मी वायर गुंडाळत होते. वाकळा अजून खाली काढल्या नव्हत्या. काकी जागची उठली नाही.

"हर्षे. टीव्हीचं खोटं बोललीस ना?"

माझ्या हातातली वायर सुटली.

"भिऊ नको. सागऱ्याच्या कानापायी बोललीस. त्यो सागऱ्या हाय हे मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय. पोराची चाल आईला कळत न्हाय व्हय?"

"मग... काकी, तुम्ही 'आला' म्हणता."

"तुझी आई एवढ्या मायेनं देती. नको म्हणून तिचा हात मागं लोटू?" ती हसली. "तिला सांगू नको मला कळलंय म्हणून. तिला रडू यील."

"पण मग तुम्ही त्या चार सेकंदांसाठी..."

"त्याच चार शेकंदासाठी. पर मी पळणाऱ्याकडं बघत न्हाय. त्याच्या मागं फणस हाय माझ्या दारचा. बुडाशी काळं दिसतंय बघ, तिथं. शूटिंगवाला आला तसा दिनू भ्यायला. रुसून फणसाखाली जाऊन बसला. म्यां दोनदा हाक मारली, ये की भाड्या, फोटूत ये. न्हाय आला." तिनं पदर डोक्यावर नीट केला. "सागऱ्या पळाला तवा त्यो तिथंच बसलेला असंल. असंलच. काळोख हाय म्हणून दिसत न्हाय."

मी खाली पडलेली वायर उचलली आणि बोटाला गुंडाळत राहिले.

"तू टीव्हीचं म्हणलीस तवापास्नं माझी झोप गेली हुती," काकी म्हणाली. "त्याच्यावर उजेड लई. काळोखात काय हाय ते दिसलं असतं."

"मग सभेत नको का नाही म्हणालात?"

"काय सांगून नको म्हणू?"

बाहेर पोरं पिपाण्या वाजवत होती. काकीनं माझं मनगट धरलं. तिचा हात कोरडा आणि हलका होता.

"तुझ्याकडं कंप्युटर हाय. तू बघ तिथं. उजेड करून बघ."

"आणि?"

"आणि काय दिसलं ते मला सांगू नको. कवाच न्हाय. मी मेली तरी न्हाय. इतकी वर्सं मी एकटीच बघतीय त्या जागंकडं. आणखी कुणाचं तरी डोळं पडू देत तिथं. एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. कॉपी उघडली. एकोणचाळिसावं मिनिट. मी दादाला सोडून दिलं आणि त्याच्या मागं गेले. फणसाचा बुंधा मोठा केला आणि उजेड वाढवत नेला. काळ्याचं करडं झालं, करड्यात दाणे दिसायला लागले, दाण्यांतून आकार.

तिथं कोंबड्यांचं एक डालगं होतं, उपडं घातलेलं. त्याच्यावर लहान पोराची चड्डी वाळत घातलेली, निळी, मागं ठिगळ लावलेली. बाकी कोणी नव्हतं. चारही सेकंद मी एकेक फ्रेम करून बघितले. चड्डी वाऱ्यानं एकदा थोडी फुगली आणि परत खाली बसली.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी अकरावीत आहे, गावाला नेण्याचं काम अजून माझ्याकडंच आहे. टीव्हीवर ग्रामपंचायतीत क्रिकेट बघतात. गाव चादरीवरच लागतं, आणि का, हे मला कुणी विचारत नाही. व्हिडिओ सुरू झाला की मी पुढं जाऊन हौसाकाकीच्या शेजारी बसते. एकोणचाळिसावं मिनिट जवळ आलं की ती माझं मनगट धरते. ती चादरीकडं बघत असते, माझ्याकडं नाही. पण तिची बोटं माझ्या नाडीवर असतात. आई मागून ओरडते, "दिनू आला!" काकी म्हणते, "आला."

मी हात सैल सोडून बसते. श्वाससुद्धा एकसारखा घेते. चार सेकंदच असतात.